गिटारच्या पोटातली तार

"तुझ्या कॉइलचाच आवाज आहे म्हणे हा," आल्हाद म्हणाला आणि त्यानं गिटार माझ्या टेबलावर ठेवली, पाणबुडी मोटारीच्या उघड्या सांगाड्याशेजारी.

मी हातातली कातर खाली ठेवली. "कोण म्हणालं?"

"पुण्याचे ऑर्केस्ट्रावाले. त्यांच्या अरेंजरनं विचारलं, हे पिकअप कुणी बांधलंय? मी म्हटलं, आमच्या राहुरीत मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे, तिथल्या मुलीनं. तर सगळे हसायला लागले."

"आणि तू?"

"मीही हसलो थोडा."

"मग ने उचलून. विहिरीच्या मोटारी बांधणाऱ्या बाईकडं कशाला आणलीस?"

"रुथी, अगं असं काय करतेस! सोमवारी परत बोलावलंय त्यांनी. हात चांगला आहे म्हणाले. फक्त हा गूं-गूं आवाज बंद करून ये म्हणाले. टेपवर सगळं येतं म्हणे. हे जमलं तर मस्कत, दुबई, सगळीकडं जाणार आहेत ते. एकच गिटारवाला घ्यायचाय."

"आणि नाही जमलं तर?"

"तर काय, कारखाना आहेच. एक तारखेपासून टाइम ऑफिसात बसायचं. वडिलांनी शब्द टाकून ठेवलाय."

हे तो असं बोलला, जणू कुणी त्याला तुरुंगात टाकणार आहे. मला मात्र कारखान्याचं नाव ऐकून छातीत गार वाटलं. कारखान्याचे क्वार्टर मी पाहिले होते. दोन खोल्या, मागं न्हाणी, दारात शेवग्याचं झाड. त्यातल्या एका क्वार्टरला मी मनातल्या मनात पडदेसुद्धा लावले होते, निळे. आल्हादला यातलं काही माहीत नव्हतं. सांगायची माझी हिंमत नव्हती, आणि विचारायची त्याला कधी गरज पडली नव्हती.

सत्त्याऐंशी सालचा उन्हाळा होता. उन्हाळ्यात आमच्या धंद्याला श्वास घ्यायला फुरसत नसते. व्होल्टेज पडतं, शेतकरी मोटार तशीच रेटतात, मोटार जळते आणि ट्रॅक्टरवर आडवी पडून आमच्या दारात येते. 'अमोलिक मोटार रिवाइंडिंग वर्क्स' हे दुकान पप्पांचं, पण त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्यापासून बारीक काम सगळं माझ्याकडं आलं होतं. पप्पा दाराशी स्टुलावर बसून असत. खिशात टेस्टर, हातात चहाचा ग्लास, आणि येणाऱ्याजाणाऱ्यावर देखरेख.

"काय रे आल्हाद," ते म्हणाले, "लुनावर अॅम्प्लिफायर बांधून आणलास? पडला असता म्हणजे?"

"पडला असता तर तुमच्या मुलीचे कष्ट वाचले असते, काका."

"बस मग आता. लाइट आहे तोवर करून घ्या काय ते."

या गिटारीशी माझी जुनी ओळख होती. काही वर्षांपूर्वी आमच्या चर्चच्या अंगणात नाताळचा कार्यक्रम होता, मांडव घातलेला, माइकवाला नगरचा. आल्हाद गिटार वाजवत गायला पुढं झाला, त्याचा ओठ माइकला लागला आणि तो ताठ झाला. बोटं तारांवरून सुटेनात. लोकांना वाटलं नाटक करतोय. माइकच्या सांगाड्यात करंट उतरला होता, आणि गिटारच्या तारा अॅम्प्लिफायरमधून अर्थिंगला जोडलेल्या. ओठातून शिरला, बोटांतून बाहेर पडला, मधे आल्हाद. पप्पांनी धावत जाऊन बोर्डाचा प्लग ओढला. तो पडला, गिटार खाली आपटली. मी काय केलं ते मला नीट आठवत नाही. पण बायका नंतर सांगत की मी सगळ्या मंडळीसमोर त्याचं नाव घेऊन ओरडत होते आणि त्याला शुद्ध आल्यावरही माझं रडणं थांबत नव्हतं.

आल्हाद दोन दिवसांत हिंडाफिरायला लागला. गिटार मात्र मुकी झाली. तारांखाली जे पिकअप असतं ते म्हणजे शेवटी काय, लोहचुंबकाभोवती गुंडाळलेली कॉइलच. तार हलली की कॉइलला कळतं, आणि अॅम्प्लिफायर ते मोठं करून गावाला सांगतो. आपटल्यानं ती कॉइल तुटली होती. मी म्हटलं, कॉइल आहे ना, मग मी बांधते. केसाहून बारीक तार पुण्याहून मागवली आणि बांधली. पण आमची मोटारीची सवय! कॉइल झाली की वॉर्निशमध्ये बुडवायची आणि भट्टीत भाजायची. मी तीही भाजली. जिच्यावर तार गुंडाळतात ती प्लास्टिकची बॉबिन वितळून तिची जिलबी झाली. आल्हाद पोट धरून हसला. मग मोटारीच्या खाचांत घालतो त्या जाड फायबर कागदाची बॉबिन कापली आणि परत बांधायला बसले. तो समोर बसून काहीबाही बोलत होता, त्या नादात माझे वेढे मोजायचे चुकले आणि भरपूर जास्त पडले. तर त्या गिटारीचा आवाज असा जाड निघाला, काकवी ओतल्यासारखा. आल्हाद वेडाच झाला. असा टोन कुणाकडं नाही म्हणाला.

फक्त तेव्हापासून ती गूं-गूं करायला लागली. छोट्या कार्यक्रमांत कुणाला त्याची पडलेली नव्हती. त्यानं कधी तक्रार केली नाही, म्हणून मीही उघडून बघितलं नाही. आता मात्र पुण्याचे लोक माझ्या कॉइलला हसले होते. मला तो जायला नको होता आणि माझी कॉइल वाईट ठरायलाही नको होती. या दोन्ही गोष्टी एकदम कशा जमायच्या ते देवालाच ठाऊक.

"लाव," मी म्हटलं.

अॅम्प्लिफायर तापला आणि दुकानभर गूंऽऽ सुरू झालं.

"ट्यूबलाइट बंद कर." त्यानं केली. आवाज थोडा कमी झाला, गेला नाही. "पंखा." पंख्याचा रेग्युलेटर बंद केला, तरी तेच. मी वायर बदलली. काही फरक नाही.

"अॅम्प्लिफायरचाच दोष असेल बघ," तो आशेनं म्हणाला.

"गिटारचा आवाज शून्य कर. ते बटण."

त्यानं फिरवलं. एकदम शांत झालं.

"बघ. अॅम्प्लिफायर चांगला आहे. दोष गिटारच्या पोटात आहे," मी म्हटलं, आणि माझंच तोंड उतरलं.

"म्हणजे तुझी कॉइल," तो म्हणाला. मग माझ्याकडं बघून घाईघाईनं म्हणाला, "म्हणजे आपली कॉइल."

'आपली' म्हणाला. एवढ्यावर मी पुढचे कितीतरी दिवस काढले असते.

"बटण वाढव आणि तारांवर हात ठेव," मी म्हटलं.

त्यानं पंजा तारांवर टेकवला. गूं तसंच.

"आता वायरच्या पिनेला हात लाव. जिथं गिटारमध्ये घुसते ना, ती धातूची बाजू."

त्यानं बोट लावलं. आवाज झपकन खाली बसला. बोट काढलं, पुन्हा वर आला. त्याला मजा वाटली. लावतोय, काढतोय, लावतोय, काढतोय.

"पुरे रे, लहान आहेस का!" पण माझ्या डोक्यात लख्ख झालं होतं. माणसाचं अंग हवेतला सगळा विजेचा गोंगाट झेलतं. वाजवणाऱ्याचा हात तारांवर असतो आणि तारा आतून अर्थिंगला जोडलेल्या असतात, म्हणून तो गोंगाट निघून जातो. इथं तारांना हात लावून काही होत नव्हतं. म्हणजे तारा कशालाच जोडलेल्या नव्हत्या. "आल्हाद, माझी कॉइल नाही ही. आत तार सुटलीय. ब्रिजपासून येणारी, तारा जिथं अडकवतात तिथून."

"नक्की?"

"स्क्रू काढ."

त्यानं पुढची पट्टी उघडली. मी आधी मीटर लावून कॉइल तपासली. काटा बरोबर तिथं गेला जिथं जायला हवा होता. ठणठणीत. मला इतका आनंद झाला की मी मोठ्यानं म्हटलं, "सांग जाऊन तुझ्या अरेंजरला!"

मग ब्रिजच्या भोकातून येणारी बारीक तार शोधली. सापडली, पण ती सुटलेली नव्हती.

तिचं टोक कातरीनं सरळ कापलेलं होतं. कापून उलटं दुमडलेलं, त्यावर इन्सुलेशनची पिवळी स्लीव्ह चढवलेली, आणि स्लीव्ह घसरू नये म्हणून सुती दोऱ्यानं बांधलेली. आम्ही मोटारीच्या कॉइलचं टोक बंद करतो अगदी तसं. गाठ डावीकडून फिरवलेली होती.

राहुरीत, किंवा कुठंही, डावीकडून गाठ मारणारा वाइंडर मला एकच माहीत होता. तो दाराशी स्टुलावर बसला होता. कॉइल बांधून झाल्यावर ते म्हणाले होते, "गिटार बंद मी करतो, तू हात धू," हे मला तेव्हा आठवलं.

"काय झालं?" आल्हाद वाकला. तो बँडवाला असला तरी आमच्या दुकानात अर्धं आयुष्य बसलेला. त्यानं गाठ पाहिली आणि तो हळूच म्हणाला, "काकांची आहे ही."

पप्पांना डोळ्यांनी धड दिसत नव्हतं, पण कान तिखट होते. ग्लास खाली ठेवल्याचा आवाज आला.

"सापडली का," ते म्हणाले. विचारलं नाही, नुसतं म्हणाले.

"पप्पा, ही तुम्ही कापली?"

"मीच कापली."

"आणि इतकी वर्षं मी समजत होते माझी कॉइल वाईट आहे!"

"तुझी कॉइल चांगली होती. मला माहीत होतं."

"मग सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर तू परत जोडली असतीस."

आल्हाद उठून त्यांच्याजवळ गेला. "काका, मला वाचवायला कापली ना? शॉक बसला म्हणून? अहो, मला म्हणायचं होतंत."

पप्पांनी चष्मा काढला आणि सदऱ्याला पुसला. त्या चष्म्यातून त्यांना फारसं दिसत नसे, पण पुसायचे.

"तारा अर्थिंगला नसल्या की करंटला वाट नाही. एवढंच डोकं लढवलं मी. पण आल्हाद, खोटं कशाला बोलू! तुझ्यासाठी नाही कापली. हिच्यासाठी कापली. त्या दिवशी मांडवात हिचं रडणं ऐकलं मी. तुला पुन्हा काही झालं तर ही जगायची नाही, असं वाटलं मला."

अॅम्प्लिफायर चालूच होता. मी पुढं होऊन तो बंद केला, कारण काहीतरी करायला हवं होतं. माझे कान तापले होते. जमीन दुभंगावी म्हणतात ते मला त्या दुपारी कळलं. इतकी वर्षं पोटात ठेवलेलं, पप्पांनी दोन वाक्यांत टेबलावर आणून ठेवलं होतं. आणि तरी, खरं सांगते, लाजेच्या खाली कुठंतरी मला हलकंही वाटत होतं. चला, कळलं एकदाचं त्याला.

आल्हाद माझ्यासमोर येऊन बसला. गिटारच्या उघड्या पोटात बघत राहिला.

"जोडता येईल का?" त्यानं विचारलं.

"येईल."

"जोडली की गूं जाईल?"

"जाईल."

"आणि शॉक?"

"सरळ जोडायची नाही. मधे छोटा कंडेन्सर घालायचा. जुन्या रेडिओतला आहे माझ्याकडं. गोंगाट निघून जाईल आणि करंटला अडवेल."

"पूर्ण नाही अडवणार," दारातून पप्पा म्हणाले.

"पूर्ण नाही," मी म्हटलं. "पण माणूस चिकटून राहणार नाही."

आल्हादनं मान हलवली. मग वर बघितलं. त्याचे डोळे फार चांगले होते, आणि त्यानं माझ्याकडं तसं त्या दिवशी पहिल्यांदाच बघितलं. दुकानातल्या रुथीकडं नाही, माझ्याकडं.

"तू सांग रुथी. जोडायची का?"

मी अजून कधीकधी, मोटारीचे वेढे घालताना, त्या प्रश्नाला वेगवेगळी उत्तरं देऊन बघते. नको जोडू. राहा इथं. मी दोन खोल्यांना पडदे लावलेत. त्या दिवशी यातलं सगळं जिभेवर आलं होतं. पण माझ्या सांगण्यावरून जो राहतो तो रोज संध्याकाळी टाइम ऑफिसातून येऊन माझ्याकडं कसं बघेल, तेही मला दिसत होतं. मला तो त्याच्या मनानं राहायला हवा होता. त्यानं म्हणावं, असू दे तार तशीच. फक्त एवढंच हवं होतं.

"गिटार तुझी आहे," मी म्हटलं. "तूच सांग."

मी सोल्डरिंगच्या कय्याचं बटण दाबलं. कय्या तापायला वेळ लागतो. आम्ही दोघं त्याच्या टोकाकडं बघत बसलो. मी मनातल्या मनात प्रभूची प्रार्थना म्हणत होते, कुठली ओळ झाली आणि कुठली राहिली त्याचं भान नव्हतं. टोकावर ठेवलेलं शिसं वितळून गोल झालं आणि त्यातून धूर निघाला.

"जोड," आल्हाद म्हणाला.

"बरं," मी म्हटलं.

पप्पांची गाठ कापली, स्लीव्ह काढली, तार घासून चकचकीत केली. तिच्या टोकाला कंडेन्सर, कंडेन्सरचं दुसरं टोक अर्थिंगसाठी बटणाच्या पाठीवर. त्यानं चिमट्यानं तार धरली होती. आमची डोकी इतकी जवळ होती की त्याच्या केसांना लावलेल्या तेलाचा वास येत होता. आयुष्यात इतका सुंदर टाका मी त्याआधी दिला नव्हता, आणि नंतरही नाही.

पट्टी लावली, अॅम्प्लिफायर चालू केला. त्यानं तारांवर हात ठेवला, आवाज वाढवला, आणखी वाढवला. काही नाही. रस्त्यावरून जाणाऱ्या सायकलची साखळी ऐकू येत होती.

मग त्यानं एक सूर छेडला. जाड, गोड, लांबलचक. तो दुकानाच्या पत्र्यापर्यंत गेला, आणि तो संपेपर्यंत त्यात दुसरं काहीही मिसळलं नाही. आल्हादचा चेहरा असा उजळला की बघवेना. तो वाजवत सुटला. मला विसरला, पप्पांनी काय सांगितलं ते विसरला, सगळं विसरला. त्या आनंदात मला कुठं जागाच नव्हती. आणि तरी तो आनंद मी बांधलेल्या कॉइलमधून येत होता, म्हणून मी ऐकत उभी राहिले.

निघताना तो दारात घुटमळला. "रुथी, काका मघाशी म्हणाले ते..."

"पप्पा म्हातारे झालेत," मी म्हटलं. "काहीही बोलतात."

तो थोडा थांबला. मी आणखी काही म्हणावं म्हणून थांबला, का नुसताच थांबला, कोण जाणे! मग त्यानं मान डोलावली. त्याला सुटल्यासारखं वाटलं, ते मला दिसलं.

"हे घे." मी एप्रनच्या खिशातून माझा टेस्टर काढला. "कुठंही गेलास, पुण्यात काय आणि मस्कतात काय, आधी माइकला हा लावायचा. दिवा पेटला तर माइकच्या वाऱ्यालाही उभं राहायचं नाही. ऐकतोयस का?"

"अगं पण तुझा टेस्टर! वाइंडर आपला टेस्टर कुणाला देत नाही म्हणतेस ना?"

"गप घे."

त्यानं तो शर्टाच्या खिशात लावला, पेनाच्या शेजारी. लुना नगर-मनमाड रस्त्याला लागून दिसेनाशी होईपर्यंत मी आत गेले नाही. पप्पांनी मला हाक मारली नाही.

बुधवारी सकाळी आल्हादचे वडील, आमचे उजागरे काका, पेढ्यांचा पुडा घेऊन दुकानात आले. चेहऱ्यावर अर्धा आनंद, अर्धी चिंता. "निवडला बरं का! पहिल्या सुरातच म्हणे त्या माणसानं हात वर केला. पासपोर्टचं बघायला पुण्यातच थांबलाय. आता कारखान्यात काय तोंड दाखवू मी? तुझे फार उपकार झाले पोरी, त्यानं फोनवर मुद्दाम सांगितलंय, रुथीला पेढा दे म्हणून."

"छान झालं काका," मी म्हटलं. पेढा घेतला, तोंडात टाकला, आणि वळून चाचणीला लावलेल्या मोटारीकडं गेले. करंट येतोय का बघायला हात एप्रनच्या खिशात गेला. खिसा रिकामा होता. मी तळहाताची मागची बाजू टर्मिनलकडं न्यायला लागले.

"थांब," पप्पा म्हणाले.

ते चाचपडत उठले, टेबलापर्यंत आले. सदऱ्याच्या खिशातून त्यांनी आपला टेस्टर काढला. काम सोडून इतके दिवस झाले तरी ते तो रोज सकाळी खिशाला लावत. त्यांनी तो माझ्या हातात दिला आणि माझी बोटं त्यावर मिटवली.

"राहू दे तुझ्याकडं," ते म्हणाले. "दुकान आता तूच बघणार आहेस."

म्हणजे मी इथंच राहणार, हे त्यांनाही समजलं होतं. मी मोटारीच्या मागं खाली बसले, पदर तोंडात कोंबला, तरी हुंदका बाहेर आलाच.

"काय झालं हो?" उजागरे काकांनी विचारलं.

"काही नाही, बेअरिंग वाजतंय," पप्पा म्हणाले, आणि त्यांनी उसाच्या तोडीचा विषय काढला. त्यांना तोडीतलं ओ की ठो कळत नव्हतं. पण मी रडायची थांबेपर्यंत ते बोलतच राहिले, मोठमोठ्यानं, रस्त्यापलीकडं ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.